वहीतलं माप

खारीच्या बाबांच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची दोन मापं असायची. एक ऐकू येणारं आणि एक लिहिलं जाणारं. कोपऱ्यावरच्या वकीलबाई कोटाचं माप द्यायला यायच्या आणि श्वास आत ओढून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. बाबा त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "चौतीस! मागच्या वर्षीपेक्षा दोऱ्याएवढाही फरक नाही बघा." वकीलबाई खुशीत श्वास सोडायच्या, टेप ताणली जायची, आणि बाबा मान खाली घालून वहीत लिहायचे : साडेछत्तीस. सैल ठेवणे.

खार सात वर्षांची असताना एकदा मोठ्यांदा म्हणाली होती, "पण बाबा, तुम्ही तर चौतीस म्हणालात!" नशीब, वकीलबाई तोवर रस्त्याला लागल्या होत्या. बाबांनी तिला उचलून कापडं बेतायच्या टेबलावर बसवलं.

"सांगायचं ते गिऱ्हाइकाला, लिहायचं ते कात्रीला," ते म्हणाले. "कात्रीशी खोटं बोललं तर कापड वाया जातं."

"आणि गिऱ्हाइकाशी खरं बोललं तर?"

"तर गिऱ्हाईक वाया जातं."

खार पोट धरून हसली होती. दुकानातलं सगळ्यात मजेदार गुपित आपल्याला ठाऊक आहे, याची तिला पुढे कितीतरी वर्षं ऐट होती. आपलंही कधी कुणी असं माप घेईल, हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

आता ती पंधरा वर्षांची होती. खार हे नाव बाबांनीच ठेवलेलं, ती चालायला लागण्याऐवजी एकदम पळायलाच लागली म्हणून. पळायची हौस दांडगी, वेग बेताचा. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण शाळेत यंदा शिट्टीबाईंनी ते कागदावर आणलं.

शिट्टीबाई म्हणजे खेळाच्या बाई. गळ्यातली शिट्टी त्या जेवतानाही काढत नसत. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी नववीच्या प्रत्येक मुलीला एकेक पिवळं कार्ड दिलं. बसल्या जागी नाडीचे ठोके किती, जोर किती मारता येतात, वाकल्यावर बोटं पावलांच्या पुढे किती जातात, आणि एक हजार मीटर धावायला वेळ किती. खाली एक रिकामी चौकट : ‘सहा आठवड्यांनी मी’.

त्या चौकटीत मुलींनी काय काय लिहिलं. एकीनं लिहिलं, ‘बारीक होणार’. एकीनं लिहिलं, ‘सगळ्यांना मागे टाकणार’. खारीनं लिहिलं, ‘फिट होणार’.

शिट्टीबाईंनी तिच्या कार्डावर लाल पेन चालवलं. "फिट कपडा होतो, तुझ्या वडिलांना विचार. इथे आकडा लिही. आज किती आलीस?"

"चार मिनिटं चाळीस."

"मग चार-तीस लिही. दहा सेकंद. जास्तीचा शहाणपणा नको. सहा आठवड्यांत दहा सेकंद म्हणजे काही कमी नाही, पाय सांगतील तुला." मग साऱ्या वर्गाकडे वळून त्या म्हणाल्या, "खोटा आकडा लिहिलात तर माझं काहीएक जात नाही. तुम्हालाच कळणार नाही आपण कुठे आहोत, आणि पुढची सगळी मेहनत चुकीच्या जागेवरून सुरू होईल."

नेमकं त्याच आठवड्यात शाळेचं मैदान पाण्याचे पाइप टाकायला खणून ठेवलं. शिट्टीबाईंनी त्यावर तोड काढली. प्रत्येकीनं घराजवळ नीट मोजून शंभर मीटर आखायचे, दर रविवारी पाच वेळा जाऊन-येऊन हजार मीटर धावायचं, आणि घरातल्या एका मोठ्या माणसानं वेळ लावून कार्डावर सही करायची. त्या माणसाला कार्डावर नाव दिलं होतं, साक्षीदार.

खारीची आई रुग्णालयात परिचारिका, रविवारी सकाळची पाळी. तेव्हा साक्षीदार बाबाच. आणि मोजायचं म्हटल्यावर बाबांपेक्षा लायक माणूस गल्लीत दुसरा कोण?

पहिल्या रविवारी त्यांनी दुकानाच्या पायरीपासून गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आपली दीड मीटरची टेप सहासष्ट वेळा जमिनीवर टाकली आणि वर एक मीटर. गुडघ्यांवर रांगत, तोंडात खडू धरून. समोरचा चहावाला ओरडला, "मास्तर, रस्त्याला पँट शिवताय काय?"

"शिवतो की! पैसे तू दे, माप मी घेतोच आहे."

टाकीपाशी त्यांनी शिंप्याच्या निळ्या खडूनं रेघ ओढली. खार धावली. टाकीचा नळ गळका होता. प्रत्येक वळणाला तिच्या पोटरीवर गार पाणी उडायचं. चार-चाळीस. बाबांनी कार्डावर सही केली, ती नेहमीची वळणदार सही.

दुसऱ्या रविवारी रेघ पुसून गेली होती. त्यांनी पुन्हा रांगत मोजली. या खेपेला चार-एक्केचाळीस.

आठवडाभर रोज दोरीच्या उड्या मारल्या होत्या, जिना चढउतार केली होती, आवडीचं गोड तोंडात घातलं नव्हतं, आणि एक सेकंद उलटा वाढला. खार पायरीवर बसली आणि रडली नाही. नुसती बुटाची नाडी सोडत-बांधत राहिली. बाबा शेजारी उभे होते, हातात मोबाइल, त्यावर तो आकडा तसाच थांबलेला. त्यांना कुणाचं उतरलेलं तोंड बघवत नसे. आई म्हणायची, यांच्यासमोर कुत्रंसुद्धा उदास बसलं तर हे त्याला अंगरखा शिवतील.

तिसऱ्या रविवारी खार खाली आली तेव्हा रेघ आखून तयार होती. "तू झोपलेली, म्हटलं मोजून टाकावं," बाबा म्हणाले. ती धावली. चार-चौतीस.

"बाबा!"

"बघ की!" बाबांनी मोबाइल तिच्या नाकासमोर नाचवला.

तिनं त्यांना अशी मिठी मारली की त्यांच्या खिशातल्या टाचण्या तिला टोचल्या. पुढच्या रविवारी चार-सत्तावीस. मग चार-एकोणीस. मग चार-बारा. वळताना पायावर पाणी उडेनासं झालं होतं. तिला वाटलं, कुणीतरी नळ दुरुस्त केला. त्याआधीच, पाचव्या आठवड्यात, शिट्टीबाईंनी तिचं कार्ड दोनदा वाचलं, चार-तीसवर काट मारली आणि चौकटीत लिहिलं : चार-दहा. "पोरी, तू तर मला खोटं पाडलंस," त्या हसून म्हणाल्या.

खारीच्या वर्गात लंबू होती. पहिलीपासूनची मैत्रीण, डोक्यानं वर्गाच्या वर आणि बोलण्यात सगळ्यांच्या खाली. लंबूचे आकडे कंटाळवाणे होते. चार-एकतीस, चार-तीस, चार-अठ्ठावीस, असं मुंगीच्या चालीनं ती चार-चोवीसवर आली होती. शाळांमधल्या धावण्याच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीसाठी चार मुली निवडायच्या होत्या. मैदान नव्हतं, म्हणून शिट्टीबाईंनी कार्डांवरूनच निवड केली. तीन जागा ठरलेल्याच होत्या. चौथी लंबूची होती, ती खारीला गेली.

"तुझा राग नाही आला ना?" खारीनं मधल्या सुट्टीत विचारलं.

"आला," लंबू डबा झाकत म्हणाली. "पण बारा सेकंद म्हणजे बारा सेकंद. त्यांच्यावर कसं रागवणार?" मग थोडं थांबून, "मी बाटल्या धरायला येईन. जोरात ओरडता येत नाही मला, पण येईन."

फेरी दुसऱ्या शाळेच्या मैदानावर होती. लाल मातीची, पांढऱ्या चुन्यानं आखलेली धावपट्टी. चौघींच्या वेळांची बेरीज करून संघ पुढे जायचा. खार चार-बाराच्या वेगानं निघाली, कारण तिचे पाय चार-बाराचे आहेत हे तिच्याकडे सहीनिशी लिहिलेलं होतं. सहाशे मीटरपर्यंत ठीक. मग कुणीतरी छातीत कापूस ठासला. शेवटचे दोनशे ती धावत होती की पडत होती, तिला सांगता आलं नसतं.

चार-तीस.

संघ चार सेकंदांनी मागे राहिला. चार. बेरीज फळ्यावर लिहिलेली होती, आणि वजाबाकी सगळ्यांनी आपापल्या मनात केली. लंबूनं बहुधा सगळ्यांच्या आधी.

शिट्टीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी खारीला पाणी दिलं, नाडी बघितली, तिचा श्वास जागेवर येऊ दिला. मग हळूच विचारलं, "शंभर मीटर कुणी मोजले होते?"

"घरी... टेपनं मोजलेत, बाई. नीट मोजलेत."

"सहा आठवडे मी कार्डावर भरवसा ठेवला," त्या म्हणाल्या. एवढंच. शिवी परवडली असती.

परत येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. लंबू पुढे बसली होती, चारही बाटल्या मांडीवर घेऊन. उतरताना ती वळली. "मला चार-चोवीस लागतात," ती म्हणाली. "खरे." आणि लांब ढांगा टाकत निघून गेली.

शनिवारी संध्याकाळी शिट्टीबाई दुकानात आल्या. खार आत स्टुलावर बसून शाळेच्याच सदऱ्यांना बटणं लावत होती. सगळ्या शाळेचे गणवेश बाबाच शिवत. वकीलबाई कोटाच्या ट्रायलला आल्या होत्या, एक बाही अंगात आणि एक बाहेर. चहावाला कप न्यायला आला होता आणि कप हातात घेऊन तसाच उभा होता.

"मास्तर, एक विचारायचं होतं," शिट्टीबाई म्हणाल्या. "साक्षीदार तुम्ही आहात. ती रेघ कोण आखायचं?"

मशीन थांबलं. खारीनं मान वर केली. आता बाबा सांगतील, तिला वाटलं. मीच आखली, सहासष्ट टेप आणि एक मीटर, कुठे चूक झाली असेल तर माझी. त्यात काय एवढं? चूक तर कुणाचीही होते.

बाबांनी वकीलबाईंच्या कोटाकडे पाहिलं, चहावाल्याकडे पाहिलं, गळ्यातली टेप दोन्ही हातांनी सरळ केली.

"मी आपला घड्याळ धरून उभा," ते म्हणाले. "रेघ पोरगीच आखायची. आता पोरींचं काय, पावलं टाकून मोजली असेल."

"अहो, मुलंच ती," वकीलबाई समजूतदारपणे म्हणाल्या.

खारीच्या बोटात सुई घुसली. ती ओरडली नाही. शिट्टीबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती सोसवेना. मग त्या पायरी उतरून गेल्या. बाबा म्हणाले, "बाई, हात जरा वर करा हं," आणि मशीन पुन्हा सुरू झालं. तिच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

ते दोरा आणायला कोपऱ्यावर गेले तेव्हा खारीनं वही काढली. तिला पुरावा हवा होता, दुसरं काही नाही. दाराच्या पडद्याचंसुद्धा माप लिहून ठेवणारा माणूस, त्यानं शंभर मीटर लिहिले नसतील? लिहिले असणारच. ते पान बाईंना दाखवायचं : बघा, मोजले होते, मी पावलं टाकली नाहीत.

वहीत गिऱ्हाइकांची नावं अशी : ‘कोपऱ्यावरच्या वकीलबाई’, ‘दूधवाल्यांचा धाकटा’, ‘जाड काका (खालचे)’. तिचं स्वतःचं पान तिला पाठ होतं. दोन वर्षांची असतानाच्या झबल्यापासून सगळी मापं त्यावर एकाखाली एक. शेवटच्या फ्रॉकच्या खाली नवीन मजकूर होता. बाबांचं बारीक, स्वच्छ अक्षर.

रस्ता. १०० मी. ६६ टेप + १ मी.
दुसरा रविवार : जैसे थे.
तिसरा : एक टेप कमी. तोंड उतरलेलं. सैल ठेवणे.
चौथा : दोन टेप कमी.
पाचवा : तीन.
सहावा : चार.

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. नळ दुरुस्त झालाच नव्हता. रेघ नळापासून लांब सरकली होती, दर रविवारी एक टेप, ती झोपलेली असताना. आणि आपण मिठी मारली होती. टाचण्या टोचेपर्यंत मिठी मारली होती, आणि ते हसत उभे होते.

ती वकीलबाई होती. डोळे मिटून उभी राहिलेली, चौतीस ऐकून खूश झालेली.

बाबा आले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. त्यांनी दोऱ्याची पिशवी खाली ठेवली.

"मला वाटलं, एकदाच," ते म्हणाले. "एकदा बरं वाटलं की तू आपोआप जोरात पळशील, मग रेघ परत मागे नेईन. पण पुढच्या वेळी मागे नेली असती तर वेळ वाढली असती गं. तुझं तोंड पुन्हा..."

"ते जाऊ द्या. आज काय झालं?"

"खारे, दुकानात माणसं होती."

"मी पण होते."

"शाळेचं काम आपल्याकडे आहे. ज्याची टेप चुकते त्याच्याकडे कोण शिवणार सांग? तू लहान आहेस, तुझं लोक विसरतील—"

"टेप कुठे चुकली, बाबा?" तिचा आवाज अगदी शांत होता आणि त्याची तिला स्वतःलाच भीती वाटली. "बरोबर लिहिलंय की सगळं. तुम्हाला माहीत होतं मी कुठे आहे. फक्त मलाच माहीत नव्हतं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला. ती बाजूला सरकली. हात थोडा वेळ हवेत राहिला आणि मग उगाच कात्री सरळ करू लागला.

तिनं वहीतलं कोरं पान घेतलं आणि हिशेब मांडला. एक टेप म्हणजे दीड मीटर, जाऊन-येऊन तीन, पाच फेऱ्यांचे पंधरा. सहाव्या रविवारी ती हजार नव्हे, नऊशे चाळीस मीटर धावली होती. पुरे हजार धरले तर वेळ येत होती चार-अठ्ठावीस. पाचव्याची चार-एकतीस. चौथ्याची चार-पस्तीस, तिसऱ्याची चार-अडतीस. ती आकड्यांकडे बघत राहिली. ते मुंगीच्या चालीनं उतरत होते. लंबूसारखे कंटाळवाणे, आणि खरे.

जुने आकडे खोडून तिनं कार्डावर नवे लिहिले आणि कार्ड बाबांपुढे सरकवलं. "सही करा. साक्षीदार म्हणून."

"बाईंना दाखवणार?"

"हो. हे पानही."

बाबांनी पेन घेतलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिला कधीच कळलं नाही; कारण त्यांनी सही केली. चार ओळींपुढे चार सह्या. एकही वळणदार आली नाही.

सोमवारी शिट्टीबाईंनी वहीचं पान वाचलं. ‘सैल ठेवणे’ या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं.

"फेरीच्या दिवशी किती आली होतीस?"

"चार-तीस."

"आणि मी काट मारली त्याच्या खाली काय आहे, वाच."

खारीनं वाचलं. लाल रेघेखाली तिच्याच अक्षरात होतं : चार-तीस. तिनं सहा आठवड्यांपूर्वी मागितलं होतं तेवढंच, सेकंदाला सेकंद, तिला मिळालं होतं. आणि त्या दिवशी ती लाल मातीवर बसून त्यासाठी मेल्याहून मेल्यासारखी झाली होती.

"हे तुझं होतं," बाई म्हणाल्या. "टाळ्या वाजण्याआधीच हिरावून नेलं बघ कुणीतरी तुझ्याकडून." मग त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "संघ गेला तो गेला. लंबूला तू सांगायचंस. ते मी करणार नाही."

लंबूनं सगळं ऐकून घेतलं, बोटानं बाकावर रेघा मारत. लगेच काही म्हणाली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. शुक्रवारी तिनं विचारलं, "तुमच्या गल्लीत रविवारी कितीला?"

रविवारी खारीनं खुंटीवरची टेप न विचारता घेतली. दोघी मिळून रांगल्या, सहासष्ट वेळा. लंबू मोठ्यानं मोजत होती. तिला जोरात बोलता येतं, हे गल्लीला त्या दिवशी कळलं. चहावाला काहीतरी म्हणणार होता, पण दुकानाच्या दारात उभ्या मास्तरांकडे बघून कप विसळायला लागला.

खार धावली. वळली तेव्हा पोटरीवर गार पाणी उडालं. दुसऱ्या वळणाला पुन्हा. पाचही वळणांना. शेवटची रेघ ओलांडून ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, आणि लंबूनं आकडा कार्डावर लिहून खाली स्वतःची सही केली, लांबच लांब.

बाबा पायरीवरच होते. सवयीनं एक पाऊल पुढे आले.

"किती आली गं?"

खारीनं घाम पुसला. टेप गुंडाळून, नीट गुंडाळून, त्यांच्या हातात ठेवली.

"कुठलं सांगू?" तिनं विचारलं. "ऐकायचं की वहीतलं?"

बाबांनी टेप गळ्यात घातली आणि ते आत गेले. थोड्या वेळानं मशीनचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. लंबू म्हणाली, "चल, आता माझी पाळी. घड्याळ धर." खारीनं घड्याळ धरलं आणि दुकानाकडे पाठ करून उभी राहिली.